स्पॅनिश शब्द कसा तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा

स्पॅनिशमध्ये 'तेर्मिनो' हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणता येतो आणि तिन्ही वेळा अर्थ वेगळा निघतो. तेर्-मि-नो यात जोर पहिल्या तुकड्यावर दिला तर संज्ञा किंवा मुदत, दुसऱ्यावर दिला तर 'मी संपवतो' आणि तिसऱ्यावर दिला तर 'त्याने संपवलं'. आवाज तेच, क्रमही तोच, फरक फक्त जोराचा. मराठीत 'पुस्तक' या शब्दात कुठेही जोर दिला तरी त्याचं पुस्तकच राहतं. त्यामुळे आपल्या कानाला जोर ऐकायची सवयच नसते आणि स्पॅनिश शिकताना आपण नेमके इथे अडखळतो. व्याकरण येतं, शब्दही भरपूर येतात, पण 'मी बोलतो' म्हणायचं असताना 'तो बोलला' असं निघून जातं (आ-ब्लो, जोर आधी 'आ'वर हवा, तो 'ब्लो'वर पडतो), आणि समोरचा गोंधळतो.

दिलासा असा की हा जोर शब्दागणिक पाठ करावा लागत नाही. इंग्रजीत 'फोटोग्राफ' येत असला तरी 'फोटोग्राफर'मध्ये जोर कुठे सरकतो हे वेगळं शिकावं लागतं. स्पॅनिशमध्ये शब्द लिहिलेला समोर असला, की तो पूर्वी कधी पाहिला नसला तरी जोर कुठे आहे हे खात्रीने सांगता येतं. अट एकच, शब्द अक्षरांत बरोबर तोडता आला पाहिजे. बहुतेक जण थेट जोराच्या नियमांवर जातात आणि तोडण्याचा भाग वरवर वाचतात. माझ्या मते चुकांचं मूळ तिथेच आहे, म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त जागा तोडण्याला दिली आहे.

थोडे संकेत आधी ठरवून घेऊ. 'अक्षर' हा शब्द छंद मोजताना आपण वापरतो त्या अर्थाने मी घेतला आहे, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा, एकाच स्वराभोवतीचा तुकडा. रोमन लिपीतल्या चिन्हांना 'वर्ण' म्हटलं आहे. जोराचं अक्षर नियमावरून कळत नसेल तिथे शब्दांत सांगितलं आहे. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, आ, ए, इ, ओ, उ, आणि त्यांत ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही, म्हणून उदाहरणं तोडताना सगळीकडे ऱ्हस्व इ-उ लिहिले आहेत. उच्चार लॅटिन अमेरिकेतले घेतले आहेत. स्पेनच्या बऱ्याच भागात काही ठिकाणी 'स'ऐवजी 'थ'च्या जवळचा आवाज येतो, पण त्याने तोडण्यात काही बदल होत नाही. 'व्ही' या वर्णाचा उच्चार स्पॅनिशमध्ये 'ब' होतो, म्हणून वॅलेन्सिया इथे 'बालेन्स्या' दिसेल.

पायरी १: दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन

हे सोपं आहे. व्यंजन पुढच्या स्वराबरोबर जातं: का-सा (घर), मे-सा (टेबल), का-मि-नो (रस्ता), तो-मा-ते. आपलीही सवय हीच असल्यामुळे इथे कुणी चुकत नाही.

सावध राहायचं ते रोमन लिपीत दोन वर्णांनी लिहिलेल्या पण आवाज एकच असलेल्या जोड्यांबाबत. 'सी-एच' म्हणजे च, 'डबल एल' म्हणजे य, 'डबल आर' म्हणजे घोळवलेला र्र. या जोड्या कधीही तोडायच्या नाहीत: मु-चा-चो (मुलगा), का-ये (रस्ता, गल्ली), पे-र्रो (कुत्रा). यांतल्या पहिल्या दोन जोड्यांना स्पॅनिश वर्णमालेत पूर्वी स्वतंत्र वर्णांचा मान होता. १९९४ मध्ये स्पॅनिश भाषेच्या अकादम्यांनी शब्दकोशातली त्यांची वेगळी जागा काढून टाकली आणि २०१० च्या लेखननियमांत वर्णमाला २७ वर्णांची झाली. वर्ण म्हणून त्या गेल्या, तरी अक्षर तोडताना त्या अजूनही अखंडच आहेत.

'एच' उच्चारला जात नाही. 'क्यू' किंवा 'जी'नंतर 'यू' आणि मग ए किंवा इ आला, तर तो 'यू' मुका असतो: के-सो (चीज), गि-ता-र्रा (गिटार). त्या 'यू'वर दोन टिंबं असली तरच तो बोलतो, जसं पिन्-ग्वि-नो (पेंग्विन).

पायरी २: व्यंजनं एकापाठोपाठ आली तर

इथे देवनागरी आपली दिशाभूल करते. 'पार्ते' (भाग) लिहिलं की डोळ्याला पा आणि र्ते दिसतात, कारण आपली लिपी जोडाक्षर पुढच्या स्वराशी बांधते. स्पॅनिश मात्र दोन व्यंजनं मधोमध तोडतं: पार्-ते, कान्-तो (मी गातो), इस्-ला (बेट), आक्-तोर् (नट).

खरं तर आपल्या कानालाही हे ठाऊक आहे. शाळेत वृत्तं शिकताना 'पुस्तक' शब्दातला पु ऱ्हस्व असूनही गुरू धरायला शिकवतात. कारण काय, तर पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येतो. म्हणजे बोलताना आपणही पुस्-तक असंच म्हणतो, स् मागच्या अक्षराला टेकतो. स्पॅनिश शब्द तोडताना डोळे बाजूला ठेवून लघु-गुरू मोजणारा हा कान वापरायचा.

आता अपवाद. दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं काही ठरावीक व्यंजनांपैकी असेल, तर जोडी फुटत नाही आणि अख्खी पुढे जाते. अशा जोड्या बाराच आहेत: प्र, प्ल, ब्र, ब्ल, क्र, क्ल, ग्र, ग्ल, फ्र, फ्ल, त्र, द्र. म्हणून लि-ब्रो (पुस्तक), पा-द्रे (वडील), ओ-त्रो (दुसरा), ते-क्ला (कळफलकावरची कळ), ने-ग्रो (काळा), आ-ब्लार् (बोलणं). यांत आपली देवनागरी आणि स्पॅनिश पूर्ण एकमताने चालतात. उलट क्रम आला, म्हणजे र किंवा ल आधी आणि दुसरं व्यंजन नंतर, की जोडी तुटते: पेर्-ला (मोती), आल्-तो (उंच).

त्ल ही जोडी वादाची आहे. 'खेळाडू' या अर्थाचा शब्द स्पेनच्या बऱ्याच भागात आत्-ले-ता असा तुटतो, तर मेक्सिकोत आ-त्ले-ता. तिथल्या नावाटल या मूळ भाषेतून आलेल्या शब्दांत त्ल भरपूर, त्यामुळे मेक्सिकन जिभेला तो एकसंध वाटतो. दोन्ही रीती मान्य आहेत.

एस हा वर्ण पुढच्या व्यंजनाशी कधीच जोडला जात नाही: एस्-पा-न्योल् (स्पॅनिश), एस्-क्वे-ला (शाळा). म्हणूनच अस्सल स्पॅनिश शब्दाची सुरुवात 'स्प', 'स्त', 'स्क' अशी होत नाही, आधी ए येतो.

व्यंजनं तीन आली, तर शेवटची दोन त्या बारांपैकी आहेत का ते पाहायचं. असतील तर ती एकत्र पुढे जातात: ओम्-ब्रे (माणूस), कोम्-प्रार् (विकत घेणं), एन्-त्रा-दा (प्रवेश). नसतील तर पहिली दोन मागे, एक पुढे: त्रान्स्-पोर्-ते, कोन्स्-तान्-ते. चार आली तर दोन मागे, दोन पुढे: इन्स्-त्रुक्-स्योन् (सूचना).

पायरी ३: स्वराला स्वर भिडला तर

सगळं शिक्षण खरं तर या पायरीवर आहे. इथे चूक झाली की अक्षरसंख्या चुकते, आणि ती चुकली की जोर चुकतो.

पाच स्वरांचे दोन गट करा. आ, ए, ओ हे बळकट. इ, उ हे दुबळे. नियम असा की दोन बळकट स्वर शेजारी आले तर ते वेगवेगळ्या अक्षरांत राहतात, आणि एक जरी दुबळा असला तर दोघांचं मिळून एक अक्षर होतं.

मराठी माणसाला हे समजायला यण् संधी पुरेशी आहे. अति + अंत = अत्यंत, सु + अल्प = स्वल्प, प्रति + उत्तर = प्रत्युत्तर. इ, उ यांच्यापुढे वेगळा स्वर आला की इचा य आणि उचा व होतो आणि एक अक्षर कमी होतं. स्पॅनिशमध्ये उच्चाराच्या पातळीवर हेच घडतं. मारिओ हे नाव लिहिताना इ आणि ओ असे दोन स्वर लिहितात, पण अक्षरं दोनच: मा-र्यो. तसंच ब्वे-नो (चांगला), त्ये-र्रा (जमीन), आ-ग्वा (पाणी). दोन्ही दुबळे असले तरी संधी होतेच: स्यु-दाद् (शहर), र्वि-दो (आवाज). स्पॅनिश शिकताना मनात 'इ-ओ' असं वाचायचं सोडून 'यो' वाचायला लागलात, की निम्मं काम झालं.

दुबळा स्वर नंतर आला तर तो अक्षर मिटवतो, आपल्या 'गाय' आणि 'गाव' या शब्दांच्या शेवटासारखा: बाय्-ले (नाच), काव्-सा (कारण), रेय्-ना (राणी). आणि दोन्ही बाजूंनी दुबळे, मध्ये बळकट असेल तरी अक्षर एकच: उ-रु-ग्वाय्.

आता मारिआकडे वळू. मारिओसारखंच नाव, फक्त शेवटी आ. पण त्यात अक्षरं तीन: मा-रि-आ. असं का? कारण इथे जोर त्या दुबळ्या इवरच आहे. जोर मिळाला की दुबळा स्वर बळकट होतो आणि संधीला नकार देतो. अशा वेळी स्पॅनिश लिहिताना त्या इच्या डोक्यावर उजवीकडे झुकलेली छोटी तिरपी रेघ देतात. तिला तिल्दे म्हणतात. वाचकाला ती सांगते, 'इथे जोडू नकोस.'

हा फरक एकदा कानात बसला की तो जागोजागी दिसू लागतो. बा-लेन्-स्या हा स्पेनचा प्रांत तीन अक्षरांचा, तर आन्-दा-लु-सि-आ हा पाच अक्षरांचा. फार्-मा-स्या (औषधाचं दुकान) आणि पो-लि-सि-आ (पोलीस). सा-ब्या म्हणजे शहाणी, सा-बि-आ म्हणजे 'मला माहीत होतं'. से-र्या म्हणजे गंभीर स्वभावाची, से-रि-आ म्हणजे 'असेल, असतं'. गार्-सि-आ हे आडनाव, दि-आ (दिवस), रि-ओ (नदी), पा-इस् (देश), बा-उल् (पेटारा) हे सगळे तिल्देवाले. मधे मुका 'एच' आला तरी तो कुंपण घालत नाही. बु-ओ (घुबड) या शब्दात उ आणि ओच्या मध्ये 'एच' आहे, पण स्वर वेगळे ठेवण्याचं काम तिल्देच करते.

दोन बळकट स्वरांकडे मराठी भाषकांनी वेगळं लक्ष द्यायला हवं. ते-आ-त्रो (नाटक, नाट्यगृह), पो-ए-ता (कवी), मु-से-ओ (संग्रहालय), ले-ओन् (सिंह). आपली जीभ मध्ये नकळत य घुसडते, 'तेयात्रो', 'लेयोन'. तो य नको. आपल्या वर्तमानपत्रांत 'रियल माद्रिद' छापतात, पण स्पॅनिशमध्ये तो शब्द रे-आल् आहे, स्वच्छ दोन अक्षरांचा.

एक बारीक मुद्दा. 'संहिता, पटकथा' या अर्थाचा 'ग्योन्' हा शब्द बरेच स्पॅनिश लोक दोन अक्षरांत उच्चारतात आणि पूर्वी त्यावर तिल्दे देत असत. २०१० च्या नियमांनी ठरवलं की लेखनापुरता दुबळा-बळकट संयोग नेहमी एकच अक्षर धरायचा. म्हणून तो एकाक्षरी झाला आणि तिल्दे गेली. जुन्या छपाईत ती दिसली तर चकित होऊ नका.

पायरी ४: आता जोर

शब्द तोडून झाला. आता शेवटचा वर्ण पाहा.

शेवटी स्वर, एन किंवा एस असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: का-सा, आ-ब्लान् (ते बोलतात), लु-नेस् (सोमवार), बार्-से-लो-ना.

शेवटी दुसरं कुठलंही व्यंजन असेल, तर जोर शेवटच्या अक्षरावर: मा-द्रिद्, आ-ब्लार्, ए-क्वा-दोर्. टेनिसपटू नादाल हा ना-दाल् आहे, 'नादल' नाही. उरुग्वाय आणि पाराग्वाय यांच्या शेवटचा 'वाय' हा वर्ण या हिशेबात व्यंजन धरतात, म्हणून तिथेही जोर शेवटी.

या दोन्हींत न बसणारा शब्द असेल, तर जोराच्या स्वरावर तिल्दे लिहिलेली असते. तेव्हा दिसली तिल्दे की तिथेच जोर, बाकी काही पाहायचं नाही. पे-रु, बो-गो-ता, पा-ना-मा या सगळ्यांच्या शेवटी स्वर आहे, पण जोर शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून तिल्दे. आडनावं यासाठी फार उपयोगी. पे-रेस्, लो-पेस्, मार्-केस् यांच्या शेवटी 'झेड' आहे. नियमाने जोर शेवटी जायला हवा होता, पण तो पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून तिल्दे. टेनिसपटू अल्काराझच्याही शेवटी 'झेड'च, पण तिल्दे नाही. म्हणून तो आल्-का-रास्.

एन आणि एस यांनाच सवलत का, हे कळलं की नियम विसरत नाही. एस हा अनेकवचनाचा प्रत्यय आणि एन हा 'ते' या कर्त्याच्या क्रियापदाचा. का-सा, का-सास्. आ-ब्ला, आ-ब्लान्. शब्दात भर पडली तरी जोर हलत नाही, म्हणून हे दोन वर्ण नसल्यासारखेच धरले आहेत.

जोर हलत नाही म्हटल्यावर कधी तिल्दे येते, कधी जाते. कान्-स्योन् (गाणं) हा शब्द एनने संपतो आणि जोर शेवटी, म्हणून तिल्दे. अनेकवचन कान्-स्यो-नेस्, जोर त्याच जागी, पण आता तो आपोआप शेवटून दुसरा झाला, म्हणून तिल्दे गेली. खो-बेन् (तरुण) बिनतिल्देचा, अनेकवचन खो-बे-नेस् मात्र तिल्देचं. शेवटून तिसऱ्या अक्षरावर जोर असला की तिल्दे कायम लिहायचीच, अपवाद नाही: मु-सि-का, मे-दि-को (डॉक्टर), सा-बा-दो (शनिवार), ते-ले-फो-नो. क्रियापदाला सर्वनामं चिकटली की जोर आणखी मागे पडतो: दि-गा-मे-लो, 'ते मला सांगा', इथे जोर 'दि'वर. अनेकवचनात जोर खरोखर सरकवणारे शब्द मोजकेच आहेत, जसं रे-खि-मेन् (राजवट, जोर 'रे'वर) याचं रे-खि-मे-नेस् (जोर 'खि'वर).

आता हे सगळं एका शब्दावर चालवून पाहू. कोन्-ति-न्वो (सलग): उ आणि ओ जुळले, अक्षरं तीन, शेवटी स्वर, जोर शेवटून दुसऱ्यावर, तिल्दे नको. कोन्-ति-नु-ओ (मी चालू ठेवतो): जोर दुबळ्या उवर, तो फुटला, अक्षरं चार, उवर तिल्दे. कोन्-ति-न्वो (त्याने चालू ठेवलं): पुन्हा जुळले, अक्षरं तीन, पण जोर शेवटच्यावर आणि शेवटी स्वर, म्हणून ओवर तिल्दे. या तिन्ही रूपांचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर नियम तुमच्या हातात आले असं समजा.

काही एकाक्षरी शब्दांवर तिल्दे फक्त अर्थ वेगळा दाखवायला येते, उच्चाराशी तिचा संबंध नाही. 'सि' बिनतिल्दे म्हणजे 'जर', तिल्देसह 'हो'. 'तु' म्हणजे 'तुझा', तिल्देसह 'तू'. 'एल्' हे इंग्रजी 'द'सारखं उपपद, तिल्देसह 'तो'. हे जोड शब्द थोडेच आहेत, पाठ करावेत. मोठ्या वर्णांत लिहितानाही तिल्दे द्यावीच लागते. 'ती गाळली तरी चालते' हा समज चुकीचा आहे.

बोलताना काय होतं

कागदावर तोडलेली अक्षरं वाक्यात तशीच राहत नाहीत. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन मिळतं. 'लोस् आमिगोस्' (मित्रमंडळी) हे ऐकू येतं लो-सा-मि-गोस्. 'मि आमिगो' (माझा मित्र) इथे तर पुन्हा यण् संधी: म्या-मि-गो. नवशिक्याला बोललेलं कळत नाही त्याचं मोठं कारण हे आहे. तो 'आमिगोस्' शोधत असतो आणि कानावर 'सामिगोस्' पडतं. स्पॅनिश कवितेतही ओळीची अक्षरं अशी जोडूनच मोजतात.

जोर द्यायचा म्हणजे ओरडायचं नाही. ते अक्षर किंचित लांब आणि किंचित ठाशीव करायचं, आणि बाकीची अक्षरं गिळायची नाहीत. मराठी भाषकाला हे सोपं जातं, कारण इंग्रजीसारखे बिनजोराचे स्वर पुसट करायची आपली सवय नाही.

सराव

पहिल्यांदा हे वाक्य मोठ्याने म्हणा: 'एल् मे-दि-को आ-ब्लो कोन् मा-रि-आ एन् ला एस्-ता-स्योन्', म्हणजे 'डॉक्टर स्टेशनवर मारिआशी बोलले'. यात तिल्दे असलेले शब्द चार आहेत. मेदिको: शेवटून तिसरं अक्षर. आब्लो: स्वरान्त, तरी जोर शेवटी. मारिआ: दुबळा स्वर फुटला. एस्तास्योन्: एनने संपतो, तरी जोर शेवटी. प्रत्येक तिल्देचं कारण निराळं आहे, म्हणून हे वाक्य मी नव्या विद्यार्थ्यांना मुद्दाम देते.

नंतर लॅटिन अमेरिकेचा स्पॅनिश नकाशा उघडा आणि देशांची नावं आधी कागदावर तोडा, मग उत्तरं पडताळा. को-लोम्-ब्या, बो-लि-ब्या, बे-ने-स्वे-ला, नि-का-रा-ग्वा, ग्वा-ते-मा-ला, ओन्-दु-रास्, आर्-खेन्-ति-ना, चि-ले, एल् साल्-बा-दोर्. यांतल्या एकावरही तिल्दे नाही, दोन साध्या नियमांत सगळे बसतात. तिल्दे असलेल्यांपैकी तीन म्हणजे मे-खि-को (जोर 'मे'वर), पे-रु आणि पा-ना-मा. याच तीन देशांच्या माणसांना काय म्हणतात ते तोडून पाहा: मे-खि-का-नो, पे-र्वा-नो, पा-ना-मे-न्यो. तिघांची तिल्दे का गेली आणि पेर्वानोत अक्षरं चार का नाहीत, हे वहीत लिहून काढा.